वेबकॅमला ३० फ्रेम मागितल्या, पण मिळाल्या किती?

केळीच्या पानावर करपा आलाय का, हे कॅमेऱ्याने ओळखायचंय. किंवा धुळे-जळगाव महामार्गावरून तासाभरात किती गाड्या गेल्या, हे मोजायचंय. दोन्ही प्रयोग साधा वेबकॅम आणि थोडंसं कोडिंग यांवर करून बघता येतात. पण दोन्हींसाठी कॅमेऱ्याचं सेटिंग वेगळं लागतं. ते चुकलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

साइज महत्त्वाची की फ्रेम रेट?

करप्याची सुरुवात पानावरच्या बारीक रेषांनी होते. ६४० बाय ४८० पिक्सेलच्या चित्रात अख्खं पान घेतलं, तर त्या रेषा दिसणारही नाहीत. इथे साइज मोठी हवी. पान जागेवरच असल्याने सेकंदाला ५ फ्रेमही पुरतात.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर उलटं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर दोन फ्रेममध्ये ती साधारण अर्धा मीटर सरकते. ५ फ्रेम असतील, तर ३ मीटरपेक्षा जास्त! मग आधीच्या फ्रेममधली गाडी हीच का, हे प्रोग्रॅमला ओळखणं अवघड जातं.

कोडमध्ये काय लिहायचं?

पायथनमध्ये ओपनसीव्ही ही मोफत लायब्ररी वापरतात. कॅमेरा सुरू केल्यावर 'सेट' या फंक्शनने रुंदी, उंची आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हे सांगायचं.

ब्राउझरमध्ये हेच काम जावास्क्रिप्टचं 'गेटयूजरमीडिया' करतं. आकड्यापुढे 'आयडियल' लिहिलं, तर ब्राउझर जवळात जवळचं सेटिंग निवडतो. 'एक्झॅक्ट' लिहिलं आणि कॅमेऱ्याला ते जमत नसेल, तर व्हिडिओ सुरूच होत नाही, एरर येतो.

मागितलेलं का मिळत नाही?

कारण कोड फक्त मागणी करतो. काय द्यायचं, हे कॅमेरा आणि त्याचा ड्रायव्हर ठरवतात. अडचणी मुख्यतः तीन:

१. केबलची मर्यादा: १९२० बाय १०८० चा कच्चा व्हिडिओ ३० फ्रेमने पाठवायला सेकंदाला जवळपास १,००० मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० आहे. म्हणून 'एमजेपीजी' हा कॉम्प्रेस केलेला फॉरमॅट निवडावा लागतो.

२. कमी उजेड: अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ उजेड घेतो. एका फ्रेमला सेकंदाचा पंधरावा भाग लागला, तर १५ च्या वर फ्रेम मिळणारच नाहीत.

३. विजेचे दिवे: भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. चित्रात पट्टे दिसले, तर कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर सेटिंग ५० हर्ट्झवर ठेवायचं.

खात्री कशी करायची?

'सेट'ने 'ट्रू' असं उत्तर दिलं, म्हणजे कॅमेऱ्याने ऐकलं असं नाही. ओपनसीव्हीत 'गेट', तर ब्राउझरमध्ये 'गेटसेटिंग्ज' वापरून आकडे परत वाचायचे. तिथला फ्रेम रेटही कधीकधी कागदावरचाच असतो. त्यामुळे १०० फ्रेम यायला किती सेकंद लागले, ते मोजायचं. १० सेकंद लागले, तर खरा वेग १० फ्रेमचा, कोडमध्ये ३० लिहिलेले असले तरी.

ही मोजणी महामार्गावर किंवा बागेत जिथे कॅमेरा लावायचा, तिथल्याच उजेडात करायची. खोलीत जमलेलं सेटिंग बाहेर तसंच चालेल, याची खात्री नसते.