प्रस्तावना: परागांचे पंचांग

मुनिरका ही दक्षिण दिल्लीतली दाट वस्ती. तिच्या शेजारीच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे, अरवलीच्या कातळावरचे रान आहे. त्या रानात वेडी बाभूळ माजली आहे. शहरात इतरत्र वावळ आणि महारुख आहेत. थंडी ओसरता ओसरता वावळ फुलतो. वेड्या बाभळीला वसंतात बहर येतो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. दरवर्षी ठरल्या वेळी परागांमुळे डोळे खाजणाऱ्या रोग्याला समजून घ्यायचे, तर हे पंचांग आधी वाचावे लागते. म्हणूनच डोळ्यांच्या पराग-ॲलर्जीच्या अभ्यासकाला नेत्रवैद्यकाइतकीच वनस्पतींचीही ओळख हवी.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. जॉन बोस्टॉक यांनी 1819 मध्ये स्वतःच्याच नाका-डोळ्यांचा उन्हाळी त्रास नोंदवला. चार्ल्स ब्लॅकली यांनी 1873 मध्ये त्याचे मूळ परागांत दाखवले. आयजीई हे प्रतिद्रव्य सापडायला मात्र 1960 चे दशक उजाडले. आता यंत्रणा स्पष्ट आहे. डोळ्यांतल्या मास्ट पेशींवर आयजीई आधीच चिकटून बसलेले असते. पराग आला की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. काही मिनिटांत खाज, लाली, सूज. डोळे चोळले की पेशी आणखी चिडतात.

साथीने आलेल्या डोळ्यांत संसर्ग आणि स्राव असतो. ॲलर्जीत मात्र खाज हेच मुख्य लक्षण. उपचाराची पहिली पायरी साधी आहे: थंड पाण्याच्या घड्या, कृत्रिम अश्रू, बाहेर जाताना चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्सला सुट्टी. त्यानंतर हिस्टामिनला अडवणारे ऑलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनचे थेंब. ऋतू ठाऊक असेल, तर ते बहराच्या थोडे आधीच सुरू करता येतात.

खरी जोखीम स्टेरॉइडच्या थेंबांत आहे. त्यांनी लगेच बरे वाटते, म्हणून लोक जुन्याच चिठ्ठीवर ते महिनोन्‌महिने घालतात. काहींच्या डोळ्यातला दाब मात्र न दुखता वाढतो आणि काचबिंदू दृष्टी नेतो. उष्ण प्रदेशातल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना होणाऱ्या ‘व्हर्नल’ या डोळ्यांच्या ॲलर्जी-विकारात हा मोह अधिक, कारण तो वर्षानुवर्षे रेंगाळतो, बुबुळावर व्रणही करतो. तिथे सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या औषधांचा आधार घेऊन स्टेरॉइड आवरता येते.

जीव न घेणारे हे दुखणे क्षुल्लक मानले जाते आणि त्या बेफिकिरीतच दृष्टी जाते. पुढील प्रकरणांत शिरणाऱ्या नव्या अभ्यासकाचे स्वागत करताना एवढेच सुचवतो: रोग्याला आधी दोन प्रश्न विचारा. त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो, आणि आतापर्यंत कोणते थेंब घातले?