‘डिव्होट’ हे क्रियापद आणि आपली मराठी

इंग्रजी परिपत्रके, नोव्हेनेच्या पुस्तिका आणि संतचरित्रे यांत ‘डिव्होट’ हे क्रियापद वारंवार येते. चांदा धर्मप्रांतात असा मजकूर मराठीत सांगण्याचे काम बहुधा धर्मशिक्षकांकडे येते, आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडील गावांत तो मराठीतून पुढे माडियात किंवा गोंडीत जातो. पहिल्याच टप्प्यावर शब्द चुकला तर ती चूक तेथवर पोहोचते. म्हणून या एका क्रियापदाचा थोडा विस्ताराने विचार करू.

मूळ लॅटिन क्रियापद ‘देवोवेरे’. त्यातील ‘वोवेरे’ म्हणजे नवस बोलणे, व्रत घेणे. निवडणुकीतील ‘व्होट’ हा शब्दही याच कुळातला, हे गमतीचे आहे. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की, इ.स.पूर्व ३४० मध्ये सेनापती देसियस मुस याने विजयासाठी शत्रुसैन्यासह स्वतःला पाताळातील देवतांना वाहिले आणि घोड्यावर बसून शत्रूंत घुसून मरण पत्करले. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला नवस फेडणारे भाविक येतात. नवसात इच्छा पूर्ण झाल्यावर काही वस्तू द्यायची असते. ‘देवोवेरे’मध्ये देणारा स्वतःच जातो, आणि दिलेले परत घेता येत नाही.

इंग्रजी बायबलमध्ये हा कठोर अर्थ टिकून आहे. लेवीय २७:२८ मध्ये देवाला पूर्णपणे अर्पिलेली वस्तू विकता वा सोडवता येत नाही. यहोशवाच्या ग्रंथात यरीहोच्या संदर्भात हेच क्रियापद काही भाषांतरांत ‘नाशासाठी वेगळे काढणे’ या अर्थाने येते. तेथे ‘भक्ती’ हा शब्द घातला तर वाक्याचा अर्थच लागणार नाही. उलट प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिले ख्रिस्ती शिकवण, सहभागित्व, भाकर मोडणे व प्रार्थना यांना ‘डिव्होट’ झाले होते असे इंग्रजीत वाचतो. पण मूळ ग्रीक क्रियापदात व्रताचा मागमूस नाही. नेमाने, चिकाटीने लागून राहणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत ‘नेम’ हा शब्द असताना येथे ‘समर्पित’ कशाला?

‘समर्पित’ या शब्दाचा आपल्याकडे अतिरेक झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासाला दिवसाचा एक तास ‘डिव्होट’ करणे म्हणजे तास देणे किंवा राखून ठेवणे. ‘डिव्होटेड’ पती म्हणजे एकनिष्ठ पती. पुस्तकातील एखादे प्रकरण एखाद्या विषयाला ‘डिव्होट’ केलेले असते, तेव्हा ते त्या विषयावर असते. कोणी काही अर्पण केलेले नसते.

मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी क्रियापद संस्कृतप्रचुर नाही. ते ‘वाहणे’ आहे. वैनगंगा वाहते, डोक्यावर मोळी वाहतात, शेत वाहितात, फूल वाहतात. ‘स्वतःला वाहून घेणे’ हा प्रयोग यातूनच आला. हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी भामरागड परिसरातील माडिया लोकांच्या सेवेला वाहून घेतले, असे कोणीही सहज म्हणतो. व्रतस्थ धर्मभगिनींच्या जीवनालाही हाच प्रयोग शोभतो. मात्र ‘वाहून घेणे’ आणि ‘वाहून जाणे’ यांत घोटाळा नको. क्षणिक भावनेत वाहून जाणे म्हणजे खरी भक्ती नव्हे, अशा आशयाचा इशारा दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली पवित्र मरियेच्या भक्तीसंबंधी दिला आहे.

येथेच सर्वांत जपून शब्द वापरावा लागतो. मरियेप्रती किंवा संतांप्रती ‘डिव्होशन’ म्हणजे भक्ती, आदर, मध्यस्थीची याचना. आराधना कधीही नव्हे. आराधना केवळ परमेश्वराची. प्रतिमांना दिलेला मान आणि परमेश्वराची आराधना यांतील भेद निकेया येथील दुसऱ्या धर्मसभेने ७८७ सालीच स्पष्ट केला. ‘मरियेची आराधना’ असे छापील पत्रकात आले, की शेजारचा अन्यपंथीय ख्रिस्ती बांधव आपल्याला चार प्रश्न विचारतो, आणि त्याचे चुकते असे म्हणता येत नाही.

नामाबद्दल थोडेसे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते ‘डिव्होशन’ म्हणजे देवाच्या सेवेसाठी तत्परतेने स्वतःला देण्याची इच्छाशक्ती. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या ग्रंथात ती सैनिकाला, कारागिराला आणि गृहिणीलाही शक्य आहे, पण प्रत्येकाची रीत निराळी, असे मांडले. त्यांच्या नावाच्या मिशनरी संघाकडे १८८७ साली नागपूर धर्मप्रांत सोपवला होता, आणि १९६२ साली चांदा त्यातूनच वेगळा झाला. इंग्रजीत हेच नाम अनेकवचनी आले, की अर्थ साधा होतो: रोजच्या प्रार्थना, रोझरी, क्रूसाची वाट, नोव्हेना. तेथे ‘भक्त्या’ असे लिहू नये. ‘भक्तिप्रकार’ किंवा ‘नित्य प्रार्थना’ लिहावे.