‘प्रेसिपिटेट’ आणि बाजीरावाची घाई

इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘प्रेसिपिटेट’ हें विशेषण वारंवार भेटतें. ‘पुढें’ आणि ‘डोकें’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून तें निघालें. कडा या अर्थाचा ‘प्रेसिपिस’ हा त्याचाच भाऊबंद. कड्यावरून डोकें खालीं करून कोसळावें तशी, विचाराला अवसर न देणारी घाई त्यांत अभिप्रेत आहे. मोल्सवर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडीनें १८४७ सालीं पुरा केला. पण असल्या शब्दांची अडचण कोशानें पुरती सुटत नाहीं. ‘उतावळा’ चटकन् सुचतो. परंतु आमचा उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, त्याचें हंसूं येतें. ‘आततायी’ म्हणावें, तर मूळ संस्कृतांतला, धनुष्य ताणून अंगावर येणारा मारेकरी उभा राहतो. ‘अविचारी’ त्यांतल्या त्यांत जवळचा, पण त्यांत वेग नाहीं.

आतां दुसऱ्या बाजीरावाकडे पाहूं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसराजवळ यशवंतराव होळकरानें पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजा मोडल्या, आणि बाजीरावानें त्याच दिवशीं पुणें सोडलें. हें पलायन खरोखरच ‘प्रेसिपिटेट’. परंतु वसईच्या तहालाही हेंच विशेषण लावणें आम्हांस मान्य नाहीं. तो तह झाला ३१ डिसेंबरला. मध्यें सदुसष्ट दिवस गेले. बाजीराव कोंकणांत होता, इंग्रजांशीं बोलणीं चाललीं होतीं, विचाराला सवड होती. त्या तहाचा दोष घाईवर ढकलतां येत नाहीं.