गळपट्टा आणि वादी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतील एका अधिकाऱ्यांची बदली गुवाहाटीस झाली. सामान मालमोटारीत चढले, तुळशीच्या व मोगऱ्याच्या कुंड्या शेजाऱ्यांत वाटल्या गेल्या, आणि त्यांचा तीन वर्षांचा कुत्रा आमच्या जिन्याच्या गजाला साखळीने बांधलेला राहिला. आठ दिवसांत न्यावयास माणूस पाठवतो, असे ते म्हणाले होते. तो माणूस अद्याप आलेला नाही. कुत्र्याला फिरविण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले, आणि पहिल्याच सकाळी त्याने आम्हांस ओढत नेऊन रस्त्याकडेच्या चरात पाडले. उजवे मनगट मुरगळले. कचेरीत डाव्या हाताने टिपणे खरडताना मनात आले की, कुत्र्यासह नीट चालण्याची ही विद्या माणसाने कधी व कोणाकडून मिळविली असेल ?

शोध घेऊ लागलो तो थेट ग्रीसपर्यंत गेलो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील सेनानी व ग्रंथकार झेनोफन याच्या नावावर शिकारी कुत्र्यांवरील एक ग्रंथ आहे. त्यात तो सांगतो की, गळपट्टा मऊ व रुंद असावा, म्हणजे केस घासले जात नाहीत. वादीला हात घालण्यापुरता फासा असावा, अधिक काही नको. आणि गळपट्टा व वादी एकसंध करणाऱ्यांना कुत्रे नीट आवरता येत नाहीत. एखाद्या अनुभवी खात्याचे परिपत्रक वाचावे तसे हे वाटते. ज्याचा हात प्रत्यक्ष सोलपटला आहे, तोच असे लिहू शकतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ॲरियनने या ग्रंथाला पुरवणी लिहिली. हिंदुस्थानचे वर्णन करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच हा ॲरियन. त्याने आपल्या होर्मे नावाच्या कुत्रीचे जे वर्णन केले आहे, ते आम्हांस फार आवडले. व्यायामशाळेतून परतताना ती पुढे चाले, पण धनी दुसऱ्या वाटेला तर वळला नाही ना, हे पाहण्यासाठी वारंवार मागे वळे. अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या वाटेवर वादीचा उल्लेखही नाही !

आपल्याकडेही कुत्रे पाळणे हे राज्यकारभाराचे अंग होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रानांतून फिरून चोर व शत्रू यांची वर्दी देणाऱ्यांत 'श्वगणी', म्हणजे कुत्र्यांचे कळप बाळगणारे, येतात. आणि हिंदुस्थानी कुत्र्यांची कीर्ती परदेशी किती होती म्हणावे, तर इराणी साम्राज्यातील बाबिलोनच्या सुभेदाराजवळ ते इतके होते की, त्यांच्या पोटासाठी चार मोठी गावे नेमून त्यांना इतर कर माफ केले होते, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला ही नोंद विशेष रुचली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने नावारूपास आणलेला कारवान कुत्रा तर वाचकांच्या परिचयाचाच असेल. सन 2016 मध्ये त्याची पिले लष्कराने मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी घेतली.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिकारीच्या कुत्र्याने ओढणे हा फार काळ दोष नव्हताच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील सरदार गास्तों फेब्युस याने लिहिलेल्या शिकारग्रंथात माग काढणारा कुत्रा लांब वादीला बांधलेला, पुढे पुढे जाणारा आणि मुका असा आहे. वाट कुत्र्याने दाखवायची, माणसाने मागून जायचे. माणसाच्या पायाशी पाय लावून चालणे ही अपेक्षा पुढची, शहरांची आणि कवायतीची. सन 1910 मध्ये जर्मन पोलिसांतील कोनराड मोस्ट याने श्वानशिक्षणावर पुस्तक काढले. त्यात वादीला झटका देऊन चूक समजावण्यावर मोठा भर होता, आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या शिक्षकांनी तोच कित्ता गिरविला. सन 1916 मध्ये जर्मनीतच ओल्डेनबुर्ग येथे युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. म्हणजे एकीकडे झटक्याची पद्धत रुजत असताना दुसरीकडे माणूस पुन्हा कुत्र्याच्या मागून चालू लागला होता.

झटक्याला पर्याय निघाला तो मात्र कुत्र्यांच्या शाळेत नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने सन 1951 मध्ये एका लेखात दाखविले की, योग्य कृतीच्या क्षणीच एखादा ठरावीक आवाज करून मागाहून खाऊ दिला, तर प्राणी त्वरेने शिकतो. या तत्त्वाचा मोठा उपयोग झाला तो सागरातील डॉल्फिनांना शिकविताना. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून कोण ओढणार ? हवाई बेटावर डॉल्फिन शिकविणाऱ्या कॅरन प्रायर यांनी सन 1984 मध्ये पुस्तक लिहून ही रीत घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत नेली.

तिचे मर्म अगदी साधे. वादी ताणली गेली की माणसाने उभे राहावे, ओढू नये. कुत्र्याला पुढे जायचे असते; ताणल्याने वाट थांबते आणि सैल सोडल्याने चालू होते, एवढे त्याला उमगले की पुरे. शेजारी राहिला की लगेच तोंडात काही घालावे. आम्ही पोळीचे तुकडे खिशात घेऊन निघालो. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच्या दोनशे पावलांना अर्धा तास लागला, आणि दूधवाला सायकल थांबवून पाहत उभा राहिला. मनगट बरे झाले, पण आम्हीच अधीर होऊन दोनदा झटका दिला, हे येथे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात मात्र एका सकाळी हातातली वादी हलकी लागली. सुटला की काय म्हणून आम्ही दचकून खाली पाहिले. तो शेजारीच चालत होता, आणि वर आमच्याकडे पाहत होता.

येत्या मार्चला आमचीही येथली मुदत भरते. परवा स्टेशनावर जाऊन गार्डाच्या डब्यातील कुत्र्यांच्या पेटीचे भाडे किती, आणि वाटेत पाणी पाजता येते की नाही, याची आम्ही चौकशी करून आलो.