बेल्जियमचे फोन, उंदराचा डोळा

२०१६ साली ‘सेल’ या नियतकालिकात कार्तिक शेखर आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. उंदराच्या डोळ्याच्या पडद्यातल्या सुमारे २५ हजार पेशी घ्यायच्या, प्रत्येकीत कोणती जनुकं कामाला लागली आहेत ते मोजायचं आणि त्या आकड्यांवरून बायपोलर पेशींचे प्रकार संगणकाकडून पाडून घ्यायचे, असं ते काम. प्रकार निघाले पंधरा. आधी ठाऊक असलेले सगळे त्यात आलेच, वर दोन नवे. त्यांतल्या एकाचा आकार आणि जागा अशी, की नुसतं बघून त्याला बायपोलर कुणी सहज म्हटलं नसतं. लेख मी उघडला होता या चुकार पेशीसाठी. अडकलो ते पद्धतीच्या नावाशी: लूव्हँ-जकार्ड. जकार्ड हा माणूस, हे ठीक. लूव्हँ हे बेल्जियमचं गाव उंदराच्या डोळ्यात कशाला आलं?

पेशी ओळखणाऱ्या यंत्रांचा नेहमीचा इतिहास सरळ आहे. १९५०च्या दशकातला सायटोअ‍ॅनालायझर, मग फ्लो सायटोमेट्री, १९९०च्या दशकात पॅप स्मिअर वाचणारं पॅपनेटचं न्यूरल नेटवर्क, आणि आता डीप लर्निंग. चित्रावरून पेशी ओळखायची असेल तर तो खराही आहे. जनुकांच्या आकड्यांवरून प्रकार पाडण्याचं कूळ मात्र वेगळं, आणि माझ्या मते त्याचा पत्ता लागतो तो मोबाइल कंपनीच्या कॉल-नोंदींत.

मार्च २००७ मध्ये एतियेन लफेव्हर या विद्यार्थ्यानं लूव्हँच्या कॅथलिक विद्यापीठात मास्टर्सच्या प्रबंधासाठी एक रीत काढली. पुढच्या वर्षी ब्लोंदेल, गियोम, लांबियोत आणि लफेव्हर या चौघांच्या नावानं ती छापून आली. लाखो माणसं एकमेकांना फोन करतात, तर त्यांत टोळकी कुठली, हा प्रश्न. सुरुवातीला जो तो एकटा. मग एकेकाला उचलून शेजाऱ्याच्या गटात घालून बघायचं. गटातले आपसातले दुवे योगायोगानं झाले असते त्याहून जास्त भरले, तर राहू द्यायचं तिथेच. कुणीच हलेनासं झालं, की अख्ख्या गटाला एक माणूस धरून पुन्हा पहिल्यापासून. बेल्जियममधल्या वीस लाखांवर ग्राहकांवर हे चालवलं आणि देश फ्रेंच बोलणारे व डच बोलणारे असा दुभंगून पुढ्यात आला. कोण कुठली भाषा बोलतो हे संगणकाला सांगितलेलंच नव्हतं. दहा हजारांहून मोठे गट ३६; एक सोडून प्रत्येकात ८५ टक्क्यांहून जास्त लोक एकाच भाषेचे. तो एक नेमका दोन भाषांच्या हद्दीवर बसलेला.

आता मला न आवरणारा तर्क. हे विद्यापीठ स्वतःच भाषेवरून फुटलेलं आहे. १९६८च्या तंट्यानंतर डच भाषकांनी लूव्हँमधली (त्यांच्या भाषेत ल्यूव्हेन) जुनी जागा राखली आणि फ्रेंच भाषकांसाठी लूव्हँ-ला-नव्ह हे नवंकोरं गाव वसवावं लागलं. ग्रंथालयही वाटून घेतलं; सम क्रमांकाची पुस्तकं एकीकडे, विषम दुसरीकडे, असं सांगतात. अशा घरात जन्मलेल्या रितीची पहिली मोठी परीक्षा भाषेवर व्हावी, हा योगायोग मानायला मी तयार नाही. कुणी कागद मागितला तर मात्र माझी पंचाईत होईल.

‘योगायोगाहून जास्त’ किती, हे मोजणाऱ्या आकड्याला मोड्युलॅरिटी म्हणतात; तो न्यूमन आणि गर्वन यांनी २००४ मध्ये मांडला. असल्या रिती ज्या जाळ्यावर घासून बघतात, ते आहे वेन झॅकरी यांनी १९७७ मध्ये छापलेलं एका कराटे क्लबचं. सभासद ३४, शिक्षक आणि अध्यक्ष यांचं वाजलं, क्लबची दोन शकलं झाली.

कूळ कॉल-नोंदींत आहे या म्हणण्यावर खरा आक्षेप जकार्डच्या बाजूनं येतो. पेशी एकमेकींना फोन करत नाहीत. बेल्जियममध्ये दुवे आयते मिळाले, इथे ते बनवावे लागतात. २०१५च्या ‘फेनोग्राफ’नं ते असे बनवले: प्रत्येक पेशीला जनुकांच्या किंवा प्रथिनांच्या आकड्यांनी सर्वांत जवळच्या, समजा, तीस शेजारणी शोधायच्या. दोन पेशींच्या वीस शेजारणी सामाईक असतील, तर दोघींच्या मिळून वेगवेगळ्या शेजारणी चाळीस. वीस भागिले चाळीस, म्हणजे दुव्याचं वजन ०.५. हे सूत्र पॉल जकार्ड या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं. १९०१च्या सुमारास आल्प्समधल्या दोन जागांची झाडंझुडपं किती सारखी, हे तो त्यानं मोजत असे. मग कूळ वनस्पतिशास्त्राचं का म्हणू नये? कारण जकार्ड दोन गोष्टी किती सारख्या एवढंच सांगतो. गट किती आणि हद्द कुठे, हे त्याला विचारून काही मिळत नाही. त्यानं आपल्या आकड्याला ‘समुदाय-गुणांक’ म्हटलं होतं, हे माझ्या बाजूला जरा अडचणीचं आहे, पण तेवढं चालायचं.

दुसरा आक्षेप: आता पेशींना नावं न्यूरल नेटवर्कच देतात, लूव्हँ कालबाह्य झालं. पण ते नेटवर्क शिकतं कशावर? ‘स्यूरा’ या सॉफ्टवेअरच्या प्रसिद्ध धड्यात रक्तातल्या २,७०० पेशी आहेत. लूव्हँचा ‘रिझोल्यूशन’ हा आकडा ०.५ ठेवला, की नऊ गट पडतात. एका चिमुकल्या गटात पीपीबीपी हे जनुक जोरात दिसतं, म्हणून माणूस त्यावर ‘प्लेटलेट’ अशी चिठ्ठी लावतो. आकडा वाढवला की गटही वाढतात. नेटवर्कसमोर खरी उत्तरं म्हणून ठेवतात त्या बहुतेक अशाच गटांवर लावलेल्या चिठ्ठ्या.

लूव्हँला धक्का बसला तो वेगळ्याच दिशेनं. दोन बाजूंना जोडणारा एकच सभासद दुसऱ्या गटात निघून गेला, तर मागे उरलेल्यांचा आपसात संबंध नसतानाही ही रीत त्यांना एका गटात ठेवते. ट्राग, वॉल्टमन आणि व्हॅन एक यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की काही जाळ्यांत १६ टक्क्यांपर्यंत गट असे तुटलेले निघतात. त्यांनी केलेल्या दुरुस्तीला त्यांच्या गावावरून लेडन म्हणतात आणि आज पेशींवर तीही खूप चालते. या तिघांचा रोजचा धंदा पेशींचा नव्हे. कोणता शोधनिबंध कुणाचा संदर्भ देतो, हे मोजण्याचा.