तासाला दहा डॉलर

१८ मार्च १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला गिडियन खटल्याचा निकाल कायद्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. क्लॅरेन्स अर्ल गिडियन या गरीब माणसाने फ्लोरिडातल्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला. त्या अर्जातून गंभीर गुन्ह्याच्या प्रत्येक गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क उभा राहिला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने ‘डग्लस विरुद्ध कॅलिफोर्निया’ हा आणखी एक निकाल दिला. त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही.

कॅलिफोर्नियात तेव्हा वेगळीच रीत होती. कफल्लक कैद्याने अपिलासाठी वकील मागितला, की अपील न्यायालय आधी स्वतःच खटल्याचे कागद चाळायचे. वकील दिल्याने काही हाती लागणार नाही असे वाटले, तर नकार कळवायचे. पैसेवाल्या कैद्याचा वकील मात्र आधी बाजू मांडायचा आणि न्यायाधीश नंतर मत बनवायचे. गरिबाच्या बाबतीत मत आधी बनत होते आणि बाजू मांडली जातच नव्हती. हा भेद राज्यघटनेत बसत नाही, पहिल्या अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे, असे डग्लसच्या निकालाने ठरवले. त्याआधी १९५६ साली ग्रिफिन खटल्यात न्यायालयाने अपिलाला लागणारी साक्षीपुराव्याची टंकलिखित प्रत, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, पैशांअभावी नाकारता येणार नाही असे सांगितले होते. कागद मिळाले, वकीलही मिळाला. पण या वकिलाचे पैसे कोण देणार?

गिडियनची बाजू मांडली एब फोर्टस यांनी. ते वॉशिंग्टनमधले नामांकित वकील होते आणि पुढे त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांची नेमणूक न्यायालयानेच केली होती आणि त्यांनी एक पैशाचीही फी घेतली नाही. त्यांच्या मोठ्या फर्मला ते झेपण्यासारखे होते. पण वर्षभर अशा नेमणुका निघत, तेव्हा त्या ज्यांच्या वाट्याला येत ते सगळे फोर्टस नव्हते. अनेकांचे ऑफिस एका खोलीचे असे आणि महिन्याचे भाडे खटल्यांच्या फीतून निघत असे.

वकिली हा मानाचा पेशा आहे, गरिबाचे काम फुकट करणे हे त्या मानाचेच ओझे आहे, अशी समजूत इंग्लंडमधून अमेरिकेत आली होती. तिला ठसठशीत नकार १८५४ साली इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेब विरुद्ध बेअर्ड’ खटल्यात दिला. इंडियानाच्या १८५१ च्या राज्यघटनेने चांगल्या चालीच्या कोणाही मतदाराला वकिलीचे दार उघडले होते. वकिलांना समाजात खास स्थान उरले नसेल, तर खास ओझे तरी त्यांच्यावर का टाकायचे, असा न्यायालयाचा विचार होता. न्यायालय सुताराला फुकट टेबल बनवायला सांगत नाही, मग वकिलाचे श्रम तेवढे फुकट का? नेमलेल्या वकिलाला मोबदला मिळाला पाहिजे, असा निकाल झाला. पाच वर्षांनी विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने डेन काउंटीच्या खटल्यात हीच वाट धरली.

पण बाकीच्या बहुतेक राज्यांनी या दोन राज्यांचे अनुकरण केले नाही. संघराज्याच्या न्यायालयांत तर १९३८ च्या जॉन्सन विरुद्ध झर्ब्स्ट निकालानंतर गरीब आरोपीला वकील देणे सक्तीचे झाले, तरी त्यानंतरची पंचवीस-सव्वीस वर्षे त्या वकिलाला काहीही मिळत नव्हते. काहींनी तर खिशातून प्रवासखर्च केला, साक्षीदार शोधले, पदरमोड करून अशिलाची बाजू मांडली. आजच्या तरुण वकिलाने या पिढीला मनापासून मान द्यावा.

१९६१ साली अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी फ्रान्सिस अॅलन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गरिबी आणि फौजदारी न्याय यांचा तिने अभ्यास केला. तिच्या अहवालातून क्रिमिनल जस्टिस अॅक्ट तयार झाला आणि २० ऑगस्ट १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. नेमलेल्या वकिलाला संघराज्याच्या तिजोरीतून पैसे देणारा हा पहिला कायदा. कोर्टात उभे राहिल्याच्या तासाला जास्तीत जास्त १५ डॉलर, कोर्टाबाहेर केलेल्या कामाच्या तासाला १० डॉलर. गंभीर गुन्ह्याच्या एका प्रकरणाला सगळे मिळून ५०० डॉलरची मर्यादा. तपासनीस किंवा तज्ज्ञ लागला तर माणशी ३०० डॉलर. हे दर बाजारभावापेक्षा कमी आहेत हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य होते. वकिलाचे ओझे थोडे हलके करायचे, पुरा मोबदला द्यायचा नाही, असा त्यांचा हिशेब होता.

या पंधरा-दहाच्या विभागणीने अपिलाच्या वकिलावर अन्याय केला. खालच्या कोर्टातला वकील दिवस दिवस कोर्टात उभा असतो, त्यामुळे त्याच्या बिलात वरच्या दराचे तास भरपूर असतात. अपिलाचे काम उलटे असते. चार-पाच दिवस चाललेल्या खटल्याची ट्रान्स्क्रिप्ट हजार पानांवर सहज जाते. ती ओळ न् ओळ वाचायची, न्यायाधीशाने कुठे आक्षेप चुकीचा फेटाळला, ज्युरीला कुठे चुकीची सूचना दिली, ते हुडकायचे. मग जुने निकाल शोधायचे, लेखी युक्तिवाद लिहायचा, सरकारी वकिलाचे उत्तर आले की त्याला प्रत्युत्तर लिहायचे. अशील बहुतेक वेळा दूरच्या तुरुंगात असतो, त्याला भेटायला जायचे. एवढ्या सगळ्यानंतर कोर्टापुढे तोंडी युक्तिवादाला मिळतात ती पंधरा-वीस मिनिटे, आणि कित्येक अपिलांत तीही नाहीत. म्हणजे अपिलाचा जवळजवळ सगळा घाम दहा डॉलरच्या खात्यात पडायचा.

१९७० साली दर दुप्पट झाले, ३० आणि २०. अपिलाला १,००० डॉलरची मर्यादा आली. कोर्टाबाहेरच्या पन्नास तासांतच ही मर्यादा भरते. त्यापुढचा प्रत्येक तास, प्रकरण लांबलचक किंवा गुंतागुंतीचे असल्याचा दाखला मिळून सर्किट न्यायालयाच्या, म्हणजे संघराज्याच्या अपील न्यायालयाच्या, मुख्य न्यायाधीशांची मंजुरी आली नाही, तर फुकट. १९८४ साली दर ६० आणि ४० वर गेले, १९८६ च्या दुरुस्तीने गरजेच्या ठिकाणी ७५ डॉलरपर्यंत जाण्याची मुभा दिली. पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पुरेसे पैसे न दिल्याने पुष्कळ ठिकाणी ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. कोर्टातला तास आणि कोर्टाबाहेरचा तास यांचा दर एक व्हायला २००२ साल उजाडले. तेव्हा दोन्हींना ९० डॉलर झाले. वाचण्या-लिहिण्याचे श्रम उभे राहून बोलण्याइतकेच मोलाचे आहेत हे मान्य व्हायला अडतीस वर्षे लागली.

पैसे मिळण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर ४५ दिवसांच्या आत वकिलाने व्हाउचर भरायचे असते. तासाचे दहा भाग करून, म्हणजे सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने, कोणत्या दिवशी काय केले ते लिहायचे. प्रवासाचा वेळ धरता येतो, गाडीचे मैल सरकारी दराने, फोटोकॉपीचे पैसेही मिळतात. ट्रान्स्क्रिप्टचा खर्च वेगळ्या अर्जाने थेट लघुलेखकाला जातो. ऑफिसचे भाडे, कारकुनाचा पगार मात्र मागता येत नाही, तो तासाच्या दरातूनच भागवायचा. त्यामुळे तासाला १७५ डॉलर हा २०२५ चा दर ऐकून भारतातल्या वाचकाचे डोळे विस्फारतील, पण तो वकिलाच्या घरी जाणारा पगार नव्हे.

हे व्हाउचर तपासते न्यायालयच. ज्या न्यायाधीशांपुढे वकिलाने बाजू मांडली, तेच त्याचे तास पाहतात आणि वाटले तर कापतात. ही कपात प्रशासकीय बाब आहे, तिच्यावर अपील नाही, असे अनेक सर्किट न्यायालयांनी ठरवून टाकले आहे. दुसऱ्याच्या अपिलासाठी राबणाऱ्या माणसाला स्वतःच्या मेहनतान्यासाठी अपील नाही. २०१५ साली मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी टेक्सासच्या न्यायाधीश कॅथलीन कार्डोन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हाच व्रण उघडा केला. बचावाच्या वकिलाचे पैसे न्यायाधीशाच्या हातात असणे योग्य नाही, हे काम स्वतंत्र यंत्रणेकडे जावे, अशी तिची शिफारस होती. ती रास्त होती. ज्याच्या मर्जीवर बिल अवलंबून, त्याच्यापुढे त्याच्याच खालच्या सहकाऱ्याच्या चुका निर्भीडपणे काढणे किती जणांना जमेल?

राज्यांची कहाणी याहून वाईट. न्यूयॉर्कने १९६५ साली संघराज्याचेच १५ आणि १० डॉलरचे दर घेतले. १९८६ पासून ते ४० आणि २५ झाले आणि तिथेच थिजले. महागाई वाढत गेली, भाडी वाढत गेली, वकील नेमणुकांच्या यादीतून नावे काढून घेत गेले. न्यूयॉर्क काउंटीच्या वकील संघटनेने सरकारला कोर्टात खेचले. २००३ साली न्यायाधीश लुसिंडो सुआरेझ यांनी हे दर राज्यघटनेचा भंग करतात असे ठरवून ९० डॉलर देण्याचा हुकूम काढला. त्यानंतर कुठे विधिमंडळ हलले आणि २००४ पासून ७५ डॉलर मिळू लागले. त्यापुढची वाढ, १५८ डॉलरची, २०२३ साली. विस्कॉन्सिनमध्ये खासगी वकिलांचा दर १९९५ पासून २०२० पर्यंत ४० डॉलरच होता. हे तेच राज्य, ज्याच्या न्यायालयाने १८५९ साली वकिलाच्या श्रमाला किंमत असते असे सांगितले होते. फ्लोरिडात फीच्या मर्यादेचा प्रश्न १९८६ साली मेकमसन खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ठरलेली कमाल फी असाधारण खटल्यात आरोपीच्या हक्काचाच गळा घोटत असेल, तर न्यायाधीश ती ओलांडू शकतो, असे न्यायालय म्हणाले.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. ‘माधव हयवदनराव होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याची सुरुवात मुंबईच्या सत्र न्यायालयातून झाली. विद्यापीठाच्या खोट्या पदव्यांच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात यायला कैद्याला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रतच आपल्याला मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे होते. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. याचिका फेटाळली गेली, कैद्याला स्वतःला काही मिळाले नाही. पण त्याच निकालाने देशातल्या प्रत्येक कैद्याला दोन गोष्टी दिल्या. एक, निकालाची प्रत मोफत आणि वेळेवर, पोचल्याच्या सहीसकट. दुसरी, अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर न्यायालयाने नेमलेला सक्षम वकील. त्या वकिलाला न्यायालय ठरवेल तेवढे पैसे कोणी द्यायचे, तेही सांगून ठेवले. ज्या राज्याने खटला भरून माणसाला तुरुंगात घातले, त्याच राज्याने. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०४ सत्र न्यायालयातल्या सुनावणीपुरते होते. अपिलाची पायरी होस्कोटच्या निकालाने त्याला जोडली.

भारतात हा पैसा आता १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली, ९ नोव्हेंबर १९९५ पासून, प्राधिकरणांच्या आणि उच्च न्यायालयांच्या विधी सेवा समित्यांच्या मार्फत जातो. इथे तासांचा हिशेब सहसा नसतो. प्रकरणाच्या टप्प्याला किंवा हजेरीला ठरावीक रक्कम असते. त्यामुळे दोनशे पानांचे दप्तर नीट वाचणारा वकील आणि वरवर चाळणारा वकील यांना सारखेच पैसे मिळतात. अमेरिकेच्या पद्धतीत दोष खूप आहेत, पण वाचनाचा तास निदान नोंदला तरी जातो. आपल्या समित्यांनी ही एक गोष्ट तिथून जरूर उचलावी.

कायद्यातला हक्क आणि तिजोरीतला पैसा यांची फारकत अमेरिकेत आजही मिटलेली नाही. २०१३ साली अंदाजपत्रकाच्या सरसकट कपातीत दर १२५ वरून ११० डॉलरवर आणला गेला, तो पुढच्या वर्षी पूर्ववत झाला. २०२५ साली दर १७५ डॉलर होता. संघराज्याच्या न्यायालयांतली सुमारे चाळीस टक्के नेमणुकीची प्रकरणे हाताळणाऱ्या बारा हजारांहून अधिक खासगी वकिलांसाठी ठेवलेला पैसा त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीलाच संपला. ट्रान्स्क्रिप्ट वाचून, युक्तिवाद दाखल करून, प्रत्येक सहा मिनिटांचा हिशेब लिहून भरलेली व्हाउचरे पैशांअभावी तशीच पडून राहिली. खटल्यांच्या तारखा मात्र पडतच राहिल्या.