कॉर्ड, करवत आणि पाचर : सरपणाच्या व्यवसायातील लघुयंत्राच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात वाफेचे इंजिन, यंत्रमाग आणि आगगाडी यांना मानाचे स्थान मिळाले आहे. सरपण कापून फोडणाऱ्या यंत्राची मात्र क्वचितच दखल घेतली गेली. शोधांचा कालक्रम मांडण्यापेक्षा वापराच्या अंगाने तंत्रज्ञानाचा इतिहास पाहावा, असा आग्रह ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी धरला आहे. त्या दृष्टीने पाहिले असता एखाद्या लहान विक्रेत्याने कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न केवळ व्यवहाराचा राहत नाही. त्यामागे श्रमविभागणीचा आणि मोजमापाचा दीर्घ इतिहास उभा असतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या प्रदेशाच्या, म्हणजे प्रामुख्याने मेन, व्हरमॉन्ट व मॅसॅच्युसेट्स या राज्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. लहान 'फायरवुड प्रोसेसर' घेणारा विक्रेता वरवर पाहता वेग विकत घेत असतो. वस्तुतः एकेकाळी गिऱ्हाइकाच्या अंगणात होणारे आणि आता त्याच्या स्वतःच्या आवारात येऊन पडलेले श्रम तो यंत्रावर सोपवीत असतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

चार फुटी लाकडाचा काळ :

वसाहतकाळातील न्यू इंग्लंडमध्ये सरपणाचा वापर आज अविश्वसनीय वाटावा इतका होता. विल्यम क्रोनन यांच्या मते तेथील सर्वसाधारण कुटुंब वर्षाकाठी ३० ते ४० कॉर्ड लाकूड जाळीत असे. कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच व ८ फूट लांब अशी रचलेली थप्पी, अर्थात १२८ घनफूट. या मापातील ४ फुटांची रुंदी म्हणजे प्रत्यक्ष लाकडाची लांबी होय. रानात कुऱ्हाडीने तोडणारा माणूस लाकूड चार फुटीच ठेवी, कारण त्याहून आखूड तुकडे करणे म्हणजे घाव वाढवणे. पुढील काम विकत घेणाऱ्याचे असे. शहरांत घोडीवर लाकूड ठेवून हातकरवतीने तुकडे करून देणारे मजूर दारोदार फिरत.

आपल्याकडील जुन्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. पावसाळ्यापूर्वी वखारीतून ओंडके आणायचे आणि कुऱ्हाड व पाचर घेऊन येणाऱ्या मजुराकडून ते अंगणात फोडून घ्यायचे, ही पद्धत महाराष्ट्रातील गावांत आणि शहरांत एकेकाळी सर्रास होती. दोन्हीकडे विक्रेता कच्चा माल विकी आणि प्रक्रिया गिऱ्हाइकाच्या दारी होई.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेत यंत्र आले, पण विक्रेत्याच्या आवारात नव्हे. व्हरमॉन्टमधील मिडलटाऊन स्प्रिंग्ज येथे ए. डब्ल्यू. ग्रे यांच्या कारखान्यात घोड्याच्या चालीवर फिरणाऱ्या पट्ट्याची यंत्रे तयार होत. घोडा चढत्या पट्ट्यावर जागच्या जागी चालत राही आणि त्या शक्तीवर मळणीयंत्र किंवा चक्राकार करवत फिरे. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्याची जागा तेलाच्या लहान इंजिनाने घेतली. असे एखादे करवतयंत्र शेतोशेती फिरे आणि ज्याच्या त्याच्या अंगणात वर्षभराचे लाकूड कापून देई. यंत्र सामायिक असल्याने कोणा एकालाच त्याची किंमत भरून काढावी लागत नसे. लहान विक्रेत्याने यंत्रापायी कर्ज काढावे की काढू नये, हा आजचा पेच त्या काळी नव्हता याचे हे एक कारण होय.

पुनरागमन आणि नवे गिऱ्हाईक :

१८८५ च्या सुमारास अमेरिकेत कोळशाने इंधन म्हणून लाकडाला मागे टाकले. त्यानंतरचे आक्रमण खनिज तेलाचे. तो तपशील येथे अप्रस्तुत आहे. महत्त्वाचे वळण आले ते १९७३ च्या तेलसंकटाने. तेल महागताच न्यू इंग्लंडमधील घरे पुन्हा लाकडी शेगडीकडे वळली. १९७५ मध्ये व्हरमॉन्टमधील रँडॉल्फ येथे सुरू झालेली व्हरमॉन्ट कास्टिंग्ज ही ओतीव लोखंडाच्या शेगड्या बनवणारी कंपनी याच लाटेचे अपत्य म्हणता येईल.

परंतु हे गिऱ्हाईक नवे होते. पुष्कळांच्या घरी ना घोडी होती, ना करवत, ना वेळ. त्यांना १६ इंच लांबीचे, फोडलेले आणि शेगडीत थेट घालता येईल असे लाकूड हवे होते. १६ इंच म्हणजे चार फुटांचा बरोबर तिसरा हिस्सा. एका चार फुटी लाकडावर आता दोन काप आणि तीन तुकड्यांची फोड आली. हे सारे काम गिऱ्हाइकाच्या अंगणातून निघून विक्रेत्याच्या आवारात आले. साखळी करवत आणि हायड्रॉलिक फोडयंत्र यांनी ते काही काळ पेलले. मात्र धंदा वाढला तसे लक्षात आले की कापण्या-फोडण्यापेक्षा प्रत्येक तुकडा वारंवार वाकून उचलण्यातच माणूस झिजतो.

यंत्र आणि त्याची निवड :

हे उचलणे कमी करणारे यंत्र म्हणजे प्रोसेसर. अखंड ओंडका एका टोकाने आत सरकतो, करवत त्याचा तुकडा पाडते, हायड्रॉलिक दट्ट्या तो तुकडा चार किंवा सहा पात्यांच्या पाचरीवर रेटतो आणि वाहकपट्टा फोडी बाहेर टाकतो. लहान यंत्रांत बहुधा साखळी करवत असते. ती स्वस्त असते व भुसा कमी पाडते, पण जमिनीवरून फरपटत आणलेल्या मातकट ओंडक्यांवर तिची धार लवकर जाते. चक्राकार पाते अधिक टिकते, मात्र ते महाग असते आणि त्याचा काप रुंद पडतो.

निवडीतील खरी अडचण वेगळीच आहे. यंत्राला सरळ आणि साधारण सारख्या जाडीचे ओंडके लागतात. लहान विक्रेत्याकडे मात्र रस्त्याकडेची तोडलेली झाडे, वाकडे बुंधे, गाठाळ फांद्या असा स्वस्तात मिळालेला माल येतो. प्रोसेसर घेतला की त्याला निवडक ओंडके ट्रकभर विकत घ्यावे लागतात आणि त्याच्या धंद्याचे अर्थकारणच बदलते. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या ओंडक्यांची जाडी आणि सरळपणा प्रथम पाहणे अगत्याचे आहे. यंत्राच्या अश्वशक्तीचा विचार नंतरचा. माहितीपत्रकांत नेमका उलट क्रम असतो, हे सांगायला नकोच.

समजा, विक्रेता वर्षाला २०० कॉर्ड विकतो आणि यंत्र ताशी १ कॉर्ड काढते. आठ तासांच्या दिवसाने हे काम २५ दिवसांत उरकते आणि उरलेले वर्ष यंत्र उभे राहते. याउलट २०० कॉर्ड लाकूड ४ फूट उंचीच्या ओळींत वाळत घालायचे तर ६,४०० चौरस फूट जागा हवी. ओकसारखे लाकूड दोन वर्षे वाळवावे लागते, म्हणजे १२,८०० चौरस फूट. आपल्या हिशेबात ही पावणेबारा गुंठ्यांच्या आसपास जागा झाली आणि तीही ओळींमधील वाटा सोडून. अशा विक्रेत्याची कोंडी वाळवणात असते. यंत्राचा वेग दुप्पट केला तरी ती सुटत नाही.

माप आणि ओलावा :

वाळवणाला किती मोल मिळते हे मापावर ठरते. आपल्या वखारीत लाकूड पूर्वी मणावर आणि पुढे क्विंटलवर विकले गेले. वजनावर विकणाऱ्याच्या दृष्टीने वाळवणे म्हणजे स्वतःच्या मालाची घट करून घेणे. कॉर्ड हे घनफळाचे माप असल्याने तेथे ओल्या-सुक्या लाकडाच्या मापात फारसा फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी तर २ घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणातील ओलावा २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा असे बंधन घातले. अशा ठिकाणी विक्रेत्याचा पहिला पैसा प्रोसेसरपेक्षा छप्पर आणि वाळवणभट्टीकडे जाणे स्वाभाविक आहे.

उलटपक्षी, यंत्रानेही माप बदलायला लावले. वाहकपट्टा फोडी रचत नाही, तो त्यांचा ढीग घालतो. ढीग रचून मोजायचा तर वाचवलेले श्रम पुन्हा आलेच. मेन राज्याच्या कायद्यात १२८ घनफुटांच्या रचलेल्या कॉर्डबरोबर १६ इंची तुकड्यांच्या सैल टाकलेल्या कॉर्डचीही व्याख्या आहे आणि तिचे माप १८० घनफूट ठरवले आहे. मधले ५२ घनफूट ही फोडींमधली वाढीव पोकळी होय. ट्रकच्या हौद्यात पट्ट्यावरून थेट पडलेले लाकूड आज तेथे याच मापाने विकता येते.